बेटांवरचा लठ्ठपणा आणि सरकारी कायदे : तुम्ही वारंवार विचारलेले प्रश्न

टर्की या पक्ष्याच्या शेपटीच्या मांसावर बंदी घालणाऱ्या सामोआ या बेटराष्ट्राबद्दल मी एकदा दोन ओळी लिहिल्या, तेव्हापासून प्रश्न थांबलेले नाहीत. काही खवचट, काही खरोखर जाणून घेण्यासाठी विचारलेले. पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला सोपे, पुढे अडचणीचे. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे दिलं असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. छोटी बेटराष्ट्रं म्हणजे नेमके कोणते देश?

संयुक्त राष्ट्रांनी विकसनशील छोट्या बेटराष्ट्रांचा एक गट केला आहे. त्यात तीन डझनांहून जास्त देश आहेत. प्रशांत महासागरात सामोआ, टोंगा, फिजी, नाउरू, किरिबाती, वानुआतू. कॅरिबियनमध्ये बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद. हिंदी महासागरात मॉरिशस, सेशेल्स, मालदीव. सिंगापूरही त्यात आहे. शिवाय गयाना आणि सुरिनाम हे बेट नसलेले देशही आहेत. सरकारी यादी म्हटली की असं चालायचंच.

एक गोंधळ नेहमी होतो. सामोआ हा स्वतंत्र देश आणि अमेरिकन सामोआ हा अमेरिकेच्या ताब्यातला प्रदेश. दोन्हींचे कायदे वेगळे आहेत.

२. जगात सर्वांत जास्त लठ्ठपणा खरंच तिथे आहे का? मला वाटलं अमेरिका असेल.

मोठ्या श्रीमंत देशांत अमेरिका पुढे आहे, पण बेटं तिच्या बरीच पुढे आहेत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आकडेवारीत लठ्ठ स्त्रियांचं प्रमाण टोंगा आणि अमेरिकन सामोआत सर्वांत जास्त निघालं, पुरुषांचं अमेरिकन सामोआ आणि नाउरूत. या ठिकाणी दहांपैकी सहाहून जास्त प्रौढ लठ्ठ गटात मोडतात. २०११ मध्ये प्रशांत महासागरातल्या देशांच्या नेत्यांनी मधुमेह, हृदयविकार अशा असंसर्गजन्य आजारांना ‘संकट’ म्हणून जाहीर केलं, ते यामुळेच. लठ्ठ कोणाला म्हणायचं हा वाद आहेच. त्यासाठी प्रश्न १३ पाहा.

३. पण ते लोक आधीपासूनच धिप्पाड ना? मग यात नवीन काय?

हाडापेरानं मोठे, हे खरं. पण धिप्पाड असणं वेगळं आणि पंचविशीत मधुमेह होणं वेगळं.

नाउरूचं उदाहरण घ्या. उणंपुरं २१ चौरस किलोमीटरचं बेट. विसाव्या शतकात परकीय कंपन्यांनी आणि नंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडच्या संयुक्त मंडळानं तिथलं फॉस्फेट खणून नेलं. ते आमच्याच शेतांत खत म्हणून पडलं, असं ऑस्ट्रेलियन शेतकरी म्हणू शकतात. १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला, खाणी हातात आल्या, काही वर्षं पैसा वाहिला. बेटाचा मधला भाग मात्र खणून खणून पोवळ्याच्या सुळक्यांचं रान झाला होता. तिथे काय पेरणार? तांदूळ, साखर, डबाबंद मांस, सगळं जहाजातून. पुढे फॉस्फेट संपत आलं, पैसा गेला, जहाजातून खाणं तेवढं उरलं.

सामोआचं कारण वेगळं. तिथलं मुख्य अन्न म्हणजे टारो. आपण ज्याला अळकुडी म्हणतो तोच कंद, फक्त आकारानं बराच थोराड. १९९३ मध्ये पानांवर करपा आला आणि बघता बघता देशभरचं पीक बसलं. जी जागा रिकामी झाली ती आयात तांदूळ आणि मैद्यानं भरली. तुवालूत समुद्राचं खारं पाणी जमिनीतून वर येतं आणि तिथल्या कंदाचे खड्डे नासतात. म्हणून ‘हे लोक आळशी’ असं लिहिणाऱ्यांना मी उत्तर देत नाही.

४. सरकार नेमकं करतं काय?

आपल्याकडे असा कायदा करायचा तर लाखो दुकानं, हजारो कारखाने आणि घरोघरचे चिवडा-फरसाण बनवणारे यांच्या मागे धावावं लागेल. नाउरूसारख्या देशात माल एका धक्क्यावर उतरतो. म्हणून तिथे आरोग्य खात्याचं सर्वांत धारदार हत्यार सीमाशुल्क अधिकाऱ्याच्या हातात असतं. बहुतेक उपाय धक्क्यावरचेच आहेत: एखादी वस्तू येऊच न देणं (प्रश्न ६, ७), तिच्यावर शुल्क वाढवणं (प्रश्न ८), किंवा चांगल्या वस्तूवरचं शुल्क कमी करणं (प्रश्न ११). शाळांचे नियम आणि पाकिटावरच्या खुणा या त्यानंतरच्या गोष्टी.

५. मटण फ्लॅप आणि टर्कीची शेपटी ही काय भानगड आहे?

मटण फ्लॅप म्हणजे मेंढीच्या बरगड्यांखालचा, पोटाकडचा पट्टा. मांसाची एक रेघ, चरबीची एक रेघ, पुन्हा मांसाची बारीक रेघ. शिजवताना भांड्यात तेल घालावं लागत नाही, उलट वर तरंगणारं काढून ठेवावं लागतं. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातली गिऱ्हाइकं हा भाग सहसा घेत नाहीत, म्हणून तो गोठवून बेटांवर स्वस्तात जातो. टोंगात त्याला ‘सिपी’ म्हणतात. इंग्रजीतल्या मेंढीच्या नावाचाच तो अपभ्रंश.

टर्कीची शेपटी म्हणजे पिसांचा तुरा नव्हे. पिसं ज्या मांसल बुंध्याला चिकटलेली असतात तो बुंधा, त्यात तेलाची ग्रंथी आणि भरपूर चरबी. अमेरिकेतल्या कुक्कुट उद्योगाला नको असलेला हा तुकडा सामोआत रविवारच्या जेवणाला जाऊन बसला. तिथल्या स्थानिक नेत्यांची चीड समजून घ्यायची तर हे लक्षात ठेवा: वस्तू वाईट आहे यापेक्षा ‘तुम्ही टाकून देता ते आम्हाला विकता’ हे जास्त बोचतं.

६. सामोआनं बंदी घातली आणि मग उठवली. दबाव आला होता का?

दबाव म्हणा, अट म्हणा. २००७ मध्ये सामोआनं टर्कीच्या शेपट्यांची आयात बंद केली. त्याच काळात देशाची जागतिक व्यापार संघटनेत शिरण्याची बोलणी चालू होती. या संघटनेत आत येणाऱ्या प्रत्येक देशाला जुन्या सभासदांच्या शंकांना उत्तरं द्यावी लागतात, आणि अमेरिका जुनी सभासद. शेवटी ठरलं असं की सामोआनं बंदी काढायची. त्याऐवजी दोन वर्षं ३०० टक्के आयात शुल्क ठेवायला मुभा, आणि त्यानंतर ते १०० टक्क्यांवर आणायचं किंवा दुसरी करपद्धत लावायची. मे २०१२ मध्ये सामोआ सभासद झाला, २०१३ मध्ये बंदी उठली.

बातम्यांत ‘छोट्या देशाला वाकवलं’ एवढंच आलं. ते खोटं नाही. पण नियमाच्या बाजूनंही एक मुद्दा होता आणि तो मला पटतो: बंदी शेपटीवर होती, चरबीवर नव्हती. शेजारच्याच शीतपेटीत मटण फ्लॅप मिळत होते, डबाबंद खारवलेलं गोमांस मिळत होतं. एका देशाचा एकच तुकडा अडवायचा आणि तितकीच चरबी असलेला दुसऱ्या देशाचा तुकडा सोडायचा, याचं आरोग्याच्या भाषेत समर्थन करणं अवघड जातं.

७. मग फिजीची बंदी कशी टिकली?

फिजीनं २००० मध्ये मटण फ्लॅप रोखले, पण दुसऱ्या दारानं. आयातीवर बंदी न घालता त्यांनी ग्राहक आणि व्यापारविषयक कायद्याखाली विक्रीच बंद केली. माल न्यूझीलंडचा असो की फिजीतल्या मेंढीचा, विकायचा नाही. आता परदेशी मालाशी भेदभाव केला असं म्हणणार कसं? न्यूझीलंडनं नाराजी दाखवली, तक्रारीची भाषाही झाली, पण प्रकरण तंट्यापर्यंत गेलं नाही. तेव्हा फिजी आधीपासूनच सभासद होता, त्यामुळे प्रवेशाच्या दारात उभं राहून सौदा करायची पाळीही त्याच्यावर आली नाही.

नाउरू, किरिबाती, कुक बेटं हे देश व्यापार संघटनेत नाहीत. त्यांचे हात त्या मानानं मोकळे आहेत.

८. कोल्ड्रिंकवर कुठे किती कर आहे?

पद्धती तीन आहेत, आणि फरक तिथेच आहे.

किमतीवर कर: किरिबातीनं २०१४ मध्ये साखर घातलेल्या पेयांवर ४० टक्के उत्पादन शुल्क लावलं. बार्बाडोसनं सप्टेंबर २०१५ मध्ये १० टक्के लावलं आणि एप्रिल २०२२ मध्ये ते २० टक्के केलं. नाउरूनं २००७ मध्येच साखर, गोळ्या-चॉकलेट आणि गोड पेयांवर ३० टक्क्यांचा अधिभार बसवला होता.

लिटरवर कर: सामोआत कोल्ड्रिंकवरचं शुल्क १९८४ पासून आहे, म्हणजे ‘साखर कर’ हा शब्द जगात रूढ व्हायच्या कितीतरी आधीपासून. अर्थात तेव्हा हेतू तिजोरी भरण्याचा होता. वानुआतूनं २०१५ मध्ये लिटरमागे ५० वातू (तिथलं चलन) लावले. सेशेल्सनं २०१९ मध्ये लिटरमागे ४ रुपये (तिथलेही रुपयेच) ठरवले, तेही १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर असेल तरच.

साखरेच्या वजनावर कर: ही मॉरिशसची पद्धत. प्रश्न १० पाहा.

किमतीवरच्या कराची खोट साधी आहे. दोन लिटरची स्वस्त, अनोळखी छापाची बाटली घेतली की साखर तेवढीच पोटात जाते आणि कर कमी पडतो. मला विचाराल तर साखरेच्या ग्रॅमवरचा करच खरा. बाटली कोणाचीही असो, तो चुकत नाही.

९. या करानं लोक खरंच कमी पितात का? वजनं उतरली का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, पण थोडं. बार्बाडोसमध्ये दुकानांतल्या विक्रीचा अभ्यास झाला. कर नसता तर जेवढी विक्री झाली असती त्यापेक्षा गोड पेयांची विक्री सुमारे ४.३ टक्क्यांनी कमी झाली आणि बाटलीबंद पाण्याची ७.५ टक्क्यांनी वाढली. तेव्हा कर १० टक्केच होता. जागतिक आरोग्य संघटना निदान २० टक्के सुचवते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना मन घट्ट करावं लागतं. केवळ करामुळे लठ्ठपणा उतरला असं एकही बेट नाव घेऊन सांगता येत नाही. माणूस दिवसभरात जे खातो त्यातला कोल्ड्रिंक हा एक घोट. तरी पेयातली साखर कमी करण्यात अर्थ आहेच, आणि तिथे कंपन्यांवरचा धाक गिऱ्हाइकावरच्या करापेक्षा जास्त कामाचा ठरतो. सिंगापूरनं करच लावला नाही. डिसेंबर २०२२ पासून पेयांना अ ते ड अशी श्रेणी ठरवली. खालच्या दोन श्रेणींना ती बाटलीवर छापणं सक्तीचं आणि सर्वांत खालच्या श्रेणीची जाहिरातच बंद. आपल्या बाटलीवर लाल ‘ड’ कोणाला हवा? नियम येणार हे कळल्यापासूनच कंपन्यांनी साखर उतरवायला सुरुवात केली होती. वर्षभरानं हाच नियम ताज्या बनवलेल्या पेयांना, म्हणजे कोपऱ्यावरच्या कॉफीलाही लागू झाला.

१०. माझे लांबचे नातेवाईक मॉरिशसला आहेत. तिथे काय नियम आहेत?

हा प्रश्न कोकणातून जास्त येतो, आणि ते साहजिक आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची माणसं एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया, म्हणजे करारानं बांधलेले मजूर, म्हणून गेली. आज तिथे मराठी मंडळं आहेत आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते.

मॉरिशसची गंमत अशी की देश उसावर उभा राहिला आणि आज पाचांतल्या एका प्रौढाला मधुमेह आहे. २०१३ पासून तिथे कोल्ड्रिंकमधल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमला ३ सेंट (तिथल्या रुपयाचा शंभरावा भाग म्हणजे सेंट) कर होता, २०२० मध्ये तो ६ सेंट केला. शाळांच्या आवारात काय विकायचं याचे नियम २००९ पासून आहेत (प्रश्न १२).

पण मला जास्त भावतो तो तिथला जुना प्रयोग, तेलाचा. १९८७ मध्ये मोठी आरोग्य पाहणी झाली. स्वयंपाकाच्या स्वस्त तेलावर सरकारचं नियंत्रण होतं आणि त्यात बहुतेक पाम तेल असे. सरकारनं ते बदलून सोयाबीनचं केलं. आरोग्याचा प्रचारही चालू होता, पण तेल बदलायला लोकांना स्वतः काही करावं लागलं नाही. लोकांनी तेच भजे, तीच धोल पुरी (डाळ भरलेली पोळी) खाल्ली. पाच वर्षांनी पुन्हा पाहणी झाली, तेव्हा सरासरी कोलेस्टेरॉल ५.५ वरून ४.७ मिलिमोलवर आलं होतं. आपल्या लॅबच्या भाषेत साधारण २१३ वरून १८२. कोणत्याही आहारतज्ज्ञाला हेवा वाटावा असा आकडा. आणि त्याच पाच वर्षांत लठ्ठपणा मात्र वाढला. तेल बदललं तरी तेलाचे उष्मांक तेवढेच राहतात.

११. असे कर म्हणजे गरिबाच्याच खिशाला चाट ना?

हो, आहे. ज्याच्या कमाईचा मोठा भाग जेवणात जातो, त्याला करही जास्त लागतो. म्हणून बऱ्या सरकारांनी दुसरं पारडंही हलवलं. टोंगानं २०१३ मध्ये माशांवरचं आयात शुल्क २० वरून ५ टक्क्यांवर आणलं. चहूबाजूंनी समुद्र असलेल्या देशानं मासे आयात करावेत याचं हसू येईल, पण स्वस्त डबाबंद मासळी हाच तिथे चरबीच्या मांसाला खरा पर्याय होता. नाउरूनं साखरेवर अधिभार लावताना बाटलीबंद पाण्यावरचा काढून टाकला. तिथे गोड्या पाण्याची नदी नाही, पावसाचं किंवा समुद्राचं शुद्ध केलेलं पाणी. पाणी महाग आणि कोल्ड्रिंक स्वस्त असेल तर माणूस काय पिणार?

नुसता कर बसवून पर्याय न देणारं सरकार मात्र तिजोरीच भरत असतं, आरोग्याचं नाव घेऊन.

१२. शाळांत बंदी आहे का? आणि फाटकाबाहेर?

त्रिनिदाद-टोबॅगोनं २०१७ मध्ये शाळांतून गोड पेयं काढली. जमैकानं १ जानेवारी २०१९ पासून १०० मिलिलिटरमागे ६ ग्रॅमपेक्षा जास्त साखरेची पेयं शाळेत बंद केली, आणि ती मर्यादा टप्प्याटप्प्यानं खाली आणायचं ठरवलं.

फाटकाबाहेरचा गाडा ही सगळीकडची पळवाट. आपल्याकडेही तीच कथा. महाराष्ट्रात २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत जंक फूडवर बंदीचा निर्णय निघाला, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांत शाळेपासून ५० मीटरपर्यंत असे पदार्थ विकायला मनाई आहे. तुमच्या मुलांच्या शाळेबाहेर मधल्या सुट्टीत उभं राहून बघा.

१३. सामोअन माणसाला आपल्याच मापानं लठ्ठ म्हणायचं का?

चांगला प्रश्न, आणि उत्तर ‘नाही’कडे झुकतं. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, ३० च्या वर गेला की लठ्ठ, हे जागतिक माप. पण पॉलिनेशियन, म्हणजे सामोआ-टोंगाकडच्या, लोकांत त्याच बीएमआयला स्नायू जास्त आणि चरबी कमी असते, म्हणून न्यूझीलंडमध्ये त्यांच्यासाठी बरीच वर्षं ३२ ची रेघ वापरली गेली. आपलं उलट. बारीक हातपाय आणि पुढे आलेलं पोट हा भारतीय साचा, म्हणून आपल्याकडे २५ लाच लठ्ठ म्हणतात. एकच आकडा दोन समाजांत दोन अर्थ सांगतो. मात्र ३२ ची रेघ लावली तरी बेटांचे आकडे काही सुखाचे होत नाहीत.

१४. त्यांच्या जनुकांतच दोष आहे असं वाचलं. मग कायदे करून काय उपयोग?

२०१६ मध्ये सामोअन लोकांत बराच आढळणारा एक जनुकीय फरक सापडला. तो असेल तर वजन वाढतं, हे खरं. पण बातमीचा उरलेला अर्धा भाग सहसा लक्षात राहत नाही: त्याच लोकांत मधुमेहाची शक्यता कमी निघाली. शिवाय जनुकं शेकडो वर्षं तीच होती, वजनं गेल्या दोन-तीन पिढ्यांत वाढली. आधी काय बदललं ते प्रश्न ३ मध्ये आहे.

१५. वजनाप्रमाणे विमानाचं तिकीट घेणारा देश तोच का?

देश नव्हे, एक खासगी विमान कंपनी. सामोआ एअरनं २०१३ मध्ये प्रवाशाचं आणि सामानाचं एकत्र वजन करून भाडं आकारायला सुरुवात केली. सरकारी नियम तो कधीच नव्हता.

राजानं मनावर घेतल्याचं उदाहरण मात्र टोंगात आहे. तिथले राजे चौथे तौफाहाऊ तुपोऊ १९७० च्या दशकात २०० किलोंच्या वर होते, जगातले सर्वांत वजनदार राजे म्हणून त्यांची नोंद झाली होती. पुढे त्यांनी स्वतः व्यायाम करून बरंच वजन उतरवलं आणि १९९० च्या दशकात देशभर वजन कमी करण्याच्या स्पर्धांना पाठबळ दिलं.

१६. ज्यूस, नारळपाणी, दूध यांना कर लागतो का?

देशागणिक वेगळं. बार्बाडोसमध्ये शंभर टक्के फळांचा रस, नारळपाणी आणि साधं दूध करातून वगळलं आहे. नाउरूनं मात्र स्वाद घातलेल्या गोड दुधालाही अधिभार लावला. फळाच्या रसात साखर नसते असा समज असेल तर तो सोडा. वगळण्यामागे पोषणापेक्षा ‘वर साखर घातलेली नाही’ एवढीच व्याख्या आहे.

१७. भारतात असा कर कधी लागला का?

केरळनं २०१६ मध्ये रेस्टॉरंटांतल्या बर्गर-पिझ्झावर १४.५ टक्क्यांचा ‘फॅट टॅक्स’ लावला होता. पुढच्या वर्षी जीएसटी आला आणि तो त्यात विरून गेला. कोल्ड्रिंक जीएसटीच्या सर्वांत वरच्या दरात आहे, पण साखर किती यावर तो दर ठरत नाही.

१८. पारंपरिक पदार्थांना सूट देऊन टाकली तर लोक आपोआप जुन्या खाण्याकडे वळणार नाहीत का?

टारो, नीरफणस, नारळ, ताजी मासळी यांच्यावर कर नसतोच. घरामागे पिकतं त्याला सीमाशुल्क कुठलं? अडचण पुढे आहे. टोंगातला ‘लू’ हा पदार्थ बघा. टारोची कोवळी पानं एकावर एक ठेवायची, मध्ये सारण, वरून नारळाचं घट्ट दूध, पुडी बांधायची आणि जमिनीतल्या भट्टीत भाजायची. आपल्या अळूवडीनं समुद्र ओलांडला असं वाटावं इतकं जवळचं. आता त्या पुडीतलं सारण म्हणजे ‘सिपी’ तरी असतं, नाहीतर डबाबंद गोमांस. रविवारी चर्चहून आल्यावर आजी हेच वाढते आणि नातवंडांसाठी पारंपरिक पदार्थ तो हाच. आतलं मांस खोक्यातून धक्क्यावर उतरतं तेव्हा त्यावर शुल्क लागतं, पान परसातलं असतं त्याला लागत नाही. पुडी बांधून झाल्यावर ती कुठल्या रकान्यात टाकायची, याचं कलम कुठल्याच कायद्यात नाही.